खपवलेला डोस

आमच्या दवाखान्यातल्या शिपाई काकांना 'दहावे' हे नाव मी ठेवलं. तेव्हा मला आपण फार मोठा विनोद केला असं वाटलं होतं. वयस्कर बायका ते ऐकून नाक मुरडायच्या, असलं अभद्र नाव कशाला ठेवता म्हणायच्या. पण नाव असं चिकटलं की नवे आलेले डॉक्टर महिनाभर ते त्यांचं आडनावच समजत होते आणि एकदा अर्जावर 'श्री. दहावे यांची रजा मंजूर' असं लिहूनही बसले. काकांनी ते खोडायला लावलं नाही. रजा मिळाल्याशी मतलब, असं म्हणून हसले आणि बादली उचलून फरशी पुसायला गेले.

नावाचं कारण सांगते. लसीच्या एका बाटलीत दहा जणांचे डोस असायचे. बाटली एकदा फोडली की चार तासांत संपवायची, उरलं ते फेकायचं. आणि वरून रोज तंबी, की एक जरी डोस वाया गेला तरी याद राखा. म्हणून मोठ्या सिस्टरांचा नियम होता, दहा माणसं बाकावर बसलेली दिसल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही. आता माणसं काय मोजून दहाच्या दहा येतात? नऊ यायची. नाकी नऊ येणं म्हणजे काय, ते मला त्या बाकाकडे बघून कळलं. कुणाला कामावर जायचंय, कुणाचं दूध गॅसवर राहिलंय, सगळे कुरकुरतायत आणि सिस्टर ढिम्म. मग काका चष्मा पुसून बाहेर पडायचे आणि रस्त्यावरून दहावा माणूस धरून आणायचे.

ते बघण्यासारखं असायचं. फळवाल्याला आधी भाव विचारायचे, मग तब्येत, मग म्हणायचे पाच मिनिटं जाऊन ये, तोवर गाडीजवळ मी उभा राहतो. आणि खरंच उन्हात उभे राहायचे. एकदा न्हाव्याच्या खुर्चीतून अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक उठवून आणलं होतं, एका गालावर साबण तसाच. थापा मात्र मारायचे नाहीत. हात दुखेल, ताप येईल, दोन दिवस मला शिव्या घालाल, असं आधीच सांगून ठेवायचे. सत्तावीस वर्षं त्याच गल्ल्यांतून औषधं आणि चिठ्ठ्या पोचवलेल्या, कुठल्या घरात कोण आजारी आहे ते त्यांना तोंडपाठ. म्हणून लोक त्यांचं ऐकायचे.

मी तिथे कंत्राटावर होते, कंप्युटरवाली. येईल त्याच्या ओळखपत्राचा आणि फोनचा नंबर भरायचा, लस दिली की नावापुढे 'दिला' हे बटण दाबायचं, एवढंच माझं काम. सगळ्या देशाची नोंद एकाच ठिकाणी. मी इथे बटण दाबलं की देशाच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यातही तेच दिसणार.

सुरुवातीला तर लसच नव्हती. लोक उजाडायच्या आत येऊन रांग धरायचे, नऊला गाडी येणार म्हणून आम्ही सांगायचो, आणि अकराला फोन यायचा की आज गाडी नाही. 'लस शिल्लक नाही' असं फळ्यावर लिहायचं काम काकांचं. त्यामुळे शिव्याही त्यांनाच, जणू हेच सगळ्या बाटल्या उशाशी घेऊन झोपतात. एका बाईने फळा उचलून आपटला. काकांनी तुकडे गोळा केले आणि दुसऱ्या दिवशी तेच पुठ्ठ्यावर लिहिलं. त्याच दिवसांत मागच्या दाराने कुणाचे साडू, कुणाचे मेहुणे येऊन टोचून जायचे आणि मी मूग गिळून त्यांचे नंबर भरायचे.

मग लस आली, ढिगाने आली, तर माणसं आटली. कुणी म्हणे ही घेतली की दोन वर्षांत मरतो, कुणी म्हणे पोरं होत नाहीत. जिने फळा फोडला तीच बाई आता दार उघडेना. डोकं फिरायचं माझं. वर्तमानपत्रात रोज ठळक अक्षरात, आज इतके लाख पार. वरचे साहेब रोज चार वाजता फोन करून आमचा आकडा विचारायचे. आज किती, वाया किती, वाया का. कुणाला दिली ते त्यांनी कधी विचारलं नाही.

काकांच्या बायकोला, काकूंना, मी ओळखायला लागले ते त्या काकांचा डबा घेऊन यायच्या म्हणून. घरी शिवणकाम करायच्या, आमच्या सगळ्यांचे कापडी मास्क त्यांनीच शिवले होते. दम्याच्या जुन्या रोगी. दवाखान्याच्या चार पायऱ्या चढून आल्या की बोलायच्या आधी हात वर करून आम्हाला थांबवायच्या, श्वास जागेवर आला की मग गप्पा. लस तेव्हा साठीच्या वरच्यांना होती आणि काकू चोपन्नच्या. काकांना कर्मचारी म्हणून पहिल्याच आठवड्यात मिळाली, बायकोला नाही.

खरं तर मिळाली असती. बाटलीत कधीकधी जराशी जास्त लस यायची, दहा झाल्यावर अकरावा डोस निघायचा. तो मोठ्या सिस्टर कुणालाही द्यायच्या, पोस्टमनला दिला, पाणी भरायला येणाऱ्या बाईला दिला. मी काकांना दहा वेळा म्हटलं असेल की काकूंना बोलावून घ्या. ते म्हणायचे, तिचा नंबर लागू दे. मला इतका राग यायचा. प्रामाणिक राहा ना, पण ते बायकोच्या छातीवर बसून कशाला? काकू मात्र हसायच्या. म्हणायच्या, साऱ्या रस्त्याला टोचून आणतात आणि मला म्हणतात रांगेत थांब.

पंचेचाळीसच्या वरच्यांना द्या असा हुकूम आला तेव्हा लस संपलेली होती. लस आली तेव्हा काकूंची छाती भरलेली, अंगात ताप. डॉक्टरांनी तपासलं आणि तीन आठवडे थांबा म्हणाले. काकांनी कॅलेंडरवर त्या तारखेभोवती गोल केला आणि काकूंच्या ओळखपत्राची झेरॉक्स माझ्याकडे आणून दिली, म्हणजे त्या दिवशी पहिल्या बाटलीत पहिलं नाव त्यांचं. काकूंकडे स्वतःचा फोन नव्हता, म्हणून नंबर मुलीचा लिहिला होता. मुलगी लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. ती झेरॉक्स मी कीबोर्डखाली सरकवून ठेवली.

आता खपवणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. बाटली फोडल्यावर एखादा पळाला की एक डोस उरायचा. वाया गेला असं दाखवलं तर खुलासा द्या, मेमो घ्या. त्यापेक्षा डोस फेकायचा आणि कुणाच्या तरी नावावर 'दिला' दाबून मोकळं व्हायचं. याला आम्ही खपवणं म्हणायचो. सगळीच केंद्रं खपवायची. शक्यतो असं नाव बघायचं की ज्याला लस नकोच आहे, म्हणजे कुणाचं काही अडत नाही अशी आपली समजूत. आपल्याकडे माल खपतो, माणूस कामात खपतो, आणि मेला तरी खपलाच म्हणतात. आम्ही तो शब्द दिवसातून चार वेळा वापरायचो आणि मला यातलं काही सुचलंही नव्हतं.

त्या दिवशी नऊ जण बसले होते आणि काकांनी समोरच्या इमारतीवरून एका रंगाऱ्याला शिडीवरून उतरवून आणलं. दहा झाले, सिस्टरांनी बाटली फोडली. रंगाऱ्याचा नंबर शेवटचा. आठवी बाई आत टोचून घेताना जरा विव्हळली, ते त्याने ऐकलं आणि मालकाला फोन करून येतो म्हणून जो बाहेर गेला तो गेलाच. आमच्या हातावर तुरी दिल्या. काका धावत गेले तर शिडीही नव्हती, रंगाचा डबाही नव्हता, अर्धी भिंत तशीच ठेवून पठ्ठ्या पसार. मग तीन तास काका सगळ्या गल्ल्या पालथ्या घालत होते. ज्याला विचारावं त्याची आधीच झालेली, नाहीतर तो हात जोडणारा. शेवटी घामाने निथळत येऊन बाकावर बसले. माझ्यामुळे झालं, मी त्याला दारात धरून ठेवायला हवा होता, एवढंच बोलले.

आणि नेमका चारचा फोन. साहेब म्हणाले, या आठवड्यात दोन केंद्रांना नोटिसा दिल्यात, तिसरी तुम्हाला देऊ का? मोठ्या सिस्टरांच्या नावावर आधीचा एक मेमो होता आणि त्या महिनाअखेरीला निवृत्त होणार होत्या. दुसरा आला असता तर सगळे कागद अडकले असते. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मी शून्य वाया असं सांगून फोन ठेवला आणि नाव शोधायला लागले. लस नको म्हणणाऱ्यांची माझ्याकडची सगळी नावं वापरून झालेली होती. कीबोर्डखाली ती झेरॉक्स होती.

मी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, आत्तापुरतं काकूंचं नाव टाकते. नाहीतरी आठ दिवसांनी त्यांना आपण देणारच आहोत. अकरावा डोस निघाला की देऊन टाकू, नोंद तर आधीच झालेली असेल, कुणाला पत्ता लागणार नाही. काकांनी बाटलीकडे बघितलं.

"तिला मिळेल ना पण, ताई?" त्यांनी विचारलं.

"माझ्यावर सोडा," मी म्हटलं.

आणि बटण दाबलं. त्या क्षणी मुलीच्या फोनवर अभिनंदनाचा मेसेज गेला, खाली प्रमाणपत्र. तिने लगेच बापाला फोन केला, आईला लस दिली आणि मला सांगितलंही नाहीत म्हणून लटकं रागावली. काका सिस्टरांसमोर उभे. त्यांनी हो हो, झालं ते, असं म्हणून वेळ मारून नेली. आठ दिवसांनी खरं होणारच होतं ते.

ते आठ दिवस संपेपर्यंत सगळंच बदललं. मोठ्या सिस्टर शिल्लक रजा घेऊन लवकरच गेल्या, त्यांच्या जागी नव्या आल्या. बाई वाईट नव्हती, पण नियमाला पक्की. रोज सकाळी बाटल्या मोजायची आणि संध्याकाळी नोंदी मोजायची. शिवाय नव्या सिरिंजा आल्या, ज्यांच्या तोंडाशीच थोडी लस अडकून राहायची, आणि नव्या बाटल्यांत बरोब्बर दहाच. अकरावा डोस निघायचा बंद झाला. मी रोज नव्या सिस्टरांचं तोंड बघायचे आणि आज नको, उद्या सांगू म्हणायचे.

ठरलेल्या तारखेला काकू आल्या. धुतलेले कपडे, केस नीट बांधलेले, जणू कुठे समारंभाला निघाल्यात. पायऱ्या चढून आल्यावर हात वर केला, श्वास घेतला, मग हसल्या. काकांना वाटलं मी नव्या सिस्टरांशी बोलून ठेवलंय. मी बोलले नव्हते. सिस्टरांनी स्वतः नंबर तपासला आणि सांगितलं, यांना पहिला डोस दिलेला आहे, आता दुसरा तीन महिन्यांनी.

काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मग मला टोचलं कुणी?"

त्या थट्टेत म्हणाल्या होत्या. काकांनी तोंड उघडलं असतं तर मी त्याच दिवशी घरी गेले असते, सिस्टरांनी तिथल्या तिथे वर कळवलं असतं. ते म्हणाले काहीतरी गोंधळ आहे, बघू नंतर, आणि बायकोला हाताला धरून पायऱ्या उतरवल्या. वाटेत त्यांनी तिला सगळं खरं सांगितलं. काकूंनी मुलीला उगाच घोर नको म्हणून तिला काही कळवू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी काकांना म्हटलं, एखाद्या दुसऱ्या बाईच्या नावावर काकूंना देऊ, लस नको म्हणणारं एखादं नाव शोधते. तेव्हा ते पहिल्यांदा माझ्यावर चिडले. म्हणाले, म्हणजे आता त्या बाईचं अडवायचं? मग मी म्हटलं, नोंद रद्द करण्यासाठी वर अर्ज करते. तो मी केला. त्यात लिहिलं, तांत्रिक चुकीमुळे नोंद झाली आहे. आठ दिवसांनी उत्तर आलं, तांत्रिक चूक आढळली नाही, नोंद कुणी व का केली याचा नावानिशी खुलासा द्यावा.

मी खुलासा लिहिला. खरा लिहिला, माझ्या नावाने. पाकिटात घातला, पत्ता लिहिला आणि टेबलाच्या खणात ठेवला. माझं कंत्राट महिनाअखेरीला संपत होतं आणि पुढच्या वर्षाचं पत्र यायचं होतं. ते एकदा हातात पडू दे, मग पाठवते, असं मी स्वतःला रोज सांगायचे. काका रोज विचारायचे, काही आलं का ताई वरून? मी म्हणायचे पाठवलंय, त्यांचं तुम्हाला माहीतच आहे, वेळ लागतो. नऊ दिवस मी हे सांगत होते. पाकीट माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर.

दहाव्या दिवशी काकूंना ताप आला.

त्या आठवड्यात वरून मोठी मोहीम लावली होती, एका दिवसात देशभरात विक्रम करायचा म्हणून. सगळ्यांच्या रजा रद्द. काकांनी मुलीला बोलावून घेतलं आणि आईला मोठ्या इस्पितळात दाखवून आण म्हणून सांगितलं, आणि स्वतः आमच्याकडे बाकं भरत राहिले. त्या दिवशी आम्ही तीनशे बारा जणांना लस दिली. साहेबांनी फोनवर शाबासकी दिली.

इस्पितळात जागा नव्हत्या. दारातच टेबल टाकून एक तरुण डॉक्टर माणसं निवडत होता, कुणाला ठेवायचं, कुणाला घरी पाठवायचं. बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघितला, काठावर होता. त्याने विचारलं, लस झालीय? मुलीने फोन काढून प्रमाणपत्र दाखवलं. महिना झालाय म्हणजे बऱ्यापैकी संरक्षण आहे, असं तो म्हणाला, गोळ्या लिहून दिल्या आणि यांना घरीच ठेवा म्हणाला. काकू सारखा हात वर करत होत्या. मुलीला वाटलं दम लागलाय, म्हणून बोलायच्या आधी थांबायला सांगतायत. ती थांबली, पण काकूंना बोलताच आलं नाही.

काका संध्याकाळी घरी पोचले तेव्हा मुलगी निश्चिंत होती. लस झालीय म्हणून सोडलं आईला, असं तिने त्यांना सांगितलं. काका आल्या पावली काकूंना घेऊन परत इस्पितळात गेले. मुलीला आईपाशी बाहेर बसवलं आणि टेबलाशी जाऊन सांगितलं की तो कागद खोटा आहे, हिला लस दिलेलीच नाही. तोवर सकाळच्या डॉक्टरची पाळी संपून दुसरा आला होता. तो म्हणाला, सकाळी आला असतात तर एक खाट होती. काकू दोन दिवस तिथल्या व्हरांड्यात होत्या, आणि तिथेच गेल्या.

माझं कंत्राटाचं पत्र त्याच दुपारी आलं.

मी पाकीट त्या संध्याकाळी टपालात टाकलं. आता कशाला टाकलं, मला विचारू नका. महिन्याभराने उत्तर आलं, संबंधित लाभार्थी हयात नसल्याने दुरुस्तीचे प्रयोजन उरत नाही, प्रकरण बंद. कुणी मला बोलावलं नाही, कुणी मेमो दिला नाही. ज्या एका गोष्टीला घाबरून मी खण बंद ठेवला होता ती घडलीच नाही.

काका तेराव्या दिवशीच्या... नाही, पंधरा दिवसांनी कामावर आले. दिवसाचा हिशेबही मला नीट आठवत नाही, फक्त ते दारातून आत आले, एवढं आठवतं. मला वाटलं आता माझ्या अंगावर धावून येतील. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं मला. ते टेबलाजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, पोरीला यातलं काही सांगू नका. कागद तिने दाखवलाय."

मी मान हलवली. मला ते सोपंच होतं, लाज वाटते सांगायला, पण सोपंच होतं.

ते पुन्हा रस्त्यावर जाऊन माणसं आणायला लागले. पण आता त्यांच्या बोलण्याला पूर्वीची धार नव्हती, आणि लोकांकडे एक नवं उत्तर होतं. तुमच्या घरात घेतली होती ना, मग काय झालं? हे गल्लीत पसरवलं कुणी, तर आईच्या दिवसांना माहेरी राहिलेल्या खुद्द मुलीने. तिच्या जागी मी असते तर मीही तेच बोलले असते. आईने लस घेतली, माझ्याजवळ कागद आहे, आणि आई गेली. मग लस म्हणजे नुसतं पाणी. तिच्या शेजारच्या तीन घरांनी ऐकून नकार दिला. तिच्या वयाच्या लोकांना लस सुरू झाली, ती कामाला जायची त्या कारखान्यातल्या सगळ्यांना देऊन झाली, ही एकटी राहिली. आणि पोरगी छातीने आईवरच गेलेली, जिना चढली की तिलाही धाप लागायची.

काकांनी सगळं करून बघितलं. रागावले, विनवलं, जावयाला मध्ये घातलं. सत्तावीस वर्षं परक्या माणसांना पटवलेला माणूस, घरच्या पोरीपुढे त्याचं काही चालेना. खरं सांगितलं असतं तर ती पटली असती, पण ते सांगितलं की तिला दुसरं काहीतरी कळणार होतं, जे जन्मभर तिच्याबरोबर राहिलं असतं. मी रोज बघत होते त्यांना. गालफडं बसली होती. चष्मा पुसायला घ्यायचे आणि तसाच हातात धरून बसायचे.

इस्पितळं दुसऱ्यांदा भरायला लागली. एका सकाळी काका मुलीला घेऊन आले. काय सांगून आणलं होतं कोण जाणे, ती तोंड फुगवून दारातच उभी होती. काका माझ्या टेबलाशी आले.

"सांगा तिला," म्हणाले.

बाकावर तेव्हा चार-पाच माणसं होती. मी तिला आतल्या खोलीत नेलं, जिथे बाटल्यांचा फ्रिज होता. काका दारात उभे राहिले. मी म्हटलं, तुझ्या आईला लस मिळालीच नव्हती. तो डोस वाया गेला होता, तो मी तिच्या नावावर खपवला. मग तिने विचारलं, बाबांना माहीत होतं? मी काही बोलायच्या आत काका म्हणाले, नाव मीच दिलं होतं, ताईंची काही चूक नाही.

तिथे मी थांबले असते तर चाललं असतं. कुणी पुढे विचारलं नव्हतं. पण मला त्या माणसाचं ते वाक्य सहन झालं नाही. मी पाकिटाचं सांगितलं. नोंद दुरुस्त करायचं खरं पत्र मी लिहिलं होतं, ते वर पाठवलंय असं काकांना रोज सांगत होते आणि ते नऊ दिवस माझ्या खणात होतं, माझं कंत्राट जाऊ नये म्हणून. काकांना हे माहीत नव्हतं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, बघायची हिंमतच नव्हती. फ्रिज चालू झाला, बंद झाला.

मुलीने विचारलं, "मी तो कागद दाखवला नसता, तर त्यांनी आईला ठेवून घेतलं असतं?"

नाही म्हणावंसं वाटलं मला. कोण तपासायला येणार होतं?

"हो," मी म्हटलं. "बहुतेक ठेवून घेतलं असतं."

ती रडली नाही. थोडा वेळ फ्रिजच्या दाराला हात टेकून उभी राहिली, मग बाहेर येऊन सिस्टरांसमोर स्टुलावर बसली आणि बाही वर केली. सिस्टरांना दहा माणसं लागायची, पण त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता बाटली फोडली. उरलेल्या डोसांपैकी चार त्या दिवशी वाया गेले आणि मी ते वाया गेले असंच लिहिलं.

मुलगी एकटीच घरी गेली. बाप तिच्याबरोबर निघाला तर नको म्हणाली. ती त्यांच्याकडे येते का, बोलते का, मला माहीत नाही, मी विचारूही शकत नाही.

काका निवृत्तीपर्यंत रोज वेळेवर आले. बाकं पुसायची, बर्फाचे डबे भरायचे, नऊ झाले की रस्त्यावर जायचं, सगळं पहिल्यासारखं. माझ्याशी कामापुरतं बोलायचे, आवाज चढवला नाही कधी. फक्त त्या दिवसापासून त्यांनी मला ताई म्हटलं नाही. मॅडम म्हणायचे.